जंगलीचा भाव, फार्मचा भाव

मलकपेठ, हैदराबाद
१७ नोव्हेंबर

गीता, जयभीम.

नावाच्या आधी काय लिहावं यातच चहा गार झाला. सौ. लिहिलं तर तुला राग येईल, कुमारी लिहिलं तर मला हसू येईल, आणि सूनबाई म्हणायचा हक्क कोर्टाने जूनमध्येच काढून घेतला. म्हणून नुसतं गीता.

तुझं पार्सल मिळालं. आत चिठ्ठीचपाटी काही नाही, नुसता माशांच्या खाण्याचा डबा. पण कुरिअरवाले पाठवणाऱ्याचा पत्ता लिहिल्याशिवाय घेत नाहीत, तिथे तू सापडलीस. अलुव्याजवळची माशांची हॅचरी, केरळ. तिकडचं पाणी मऊ असतं असं तूच सांगायचीस. म्हणजे तू माशांसाठी गेलीस, माणसांना कंटाळून नाही, अशी मी माझी समजूत घालून घेतली आहे.

जाताना तू म्हणालीस, "आई, मला फोन करू नका. तुमचा आवाज ऐकला की मी परत येईन." आणि नंबरच बदललास. मी जन्मभर नर्सची नोकरी केली, पेशंटचं ऐकायची मला सवय आहे. फोन करणार नाही. पत्राबद्दल मात्र तू काही बोलली नव्हतीस. तू तेलुगू मीडियमची, मराठी वाचायला तुला वेळ लागतो. लागू दे. ओळीखाली बोट ठेवून वाच.

तुझ्या दोन्ही टाक्या आहेत तशा हॉलमध्ये आहेत. मोठीत ती जंगली जोडी, छोटीत फार्मची. माशांना नदीसारखं पाणी हवं म्हणून कंपाउंडातल्या बदामाची वाळकी पानं वेचून आणते, उकळते, पाणी कोऱ्या चहासारखं झालं की गार करून टाकीत ओतते. वॉर्डात फरशीवर डाग दिसला की आयांच्या अंगावर खेकसणारी मी, आता स्वतःच्या हाताने पाणी मळवते. जंगली नर जरा सुस्त आहे. रवी बरा आहे.

रविवारी मुजीबभाईच्या दुकानात फिल्टरचा स्पंज आणायला गेले आणि तिथे तुझी चोरी पकडली. दोन्ही जोड्या मिळून तीनशेला मिळाल्या, असं मला सांगितलं होतंस.

"तीन सौ?" मुजीबभाई हसायला लागला. "खालाम्मा, फारमवाली आठ सौ की. और वो जंगली जोडी साडे चार हजार की. तुमारी बहू पूरे पैसे देके लेके गई."

मी म्हटलं, "ये तो उलटा हिसाब है मियाँ. फारमवाले लालभडक. जंगली तो भुरे, धोए सो पोछे के सरीके. उने महंगे कायकू?"

"नाटुकोडी महंगी कायकू रैती, बोलो? बॉयलर तो उससे मोटी रैती." गावठी कोंबडीसाठी तर मीही दुप्पट मोजते. "ये नदी की पैदाइश है खालाम्मा. कोई पानी में उतरके, जाली डालके पकडा, विमान में बिठाके भेजा. फारम में तो इडली के सरीके बनते, एक थाली में इत्ते."

घरी येऊन त्या भुऱ्या मादीकडे बघत बसले. बोटाच्या दोन पेरांएवढी बाई, ॲपिस्टो का काय तिचं नाव, आणि माझ्या लग्नातल्या साडीपेक्षा महाग.

पुन्हा पार्सल पाठवलंस तर आत दोन शब्द टाक.

विठाबाई
(आधी आई लिहिलं होतं, मग खोडलं. तुझं तू ठरव.)


२ डिसेंबर

गीता,

मागच्या पत्रात नर सुस्त आहे असं लिहिलं होतं. तो मेलेला होता. दिवाळीच्या आधीच गेला. मेलेला म्हणजे सुस्तच असतो, पण तसं लिहिणं बरोबर नव्हतं. तू इथे असतानाच त्याने खाणं टाकलं होतं, तेव्हा माझ्यावर राग धरू नकोस आणि स्वतःलाही बोल लावू नकोस. कढीपत्त्याच्या कुंडीत पुरला.

लपवलं त्याचं कारण सांगते. मला वाटलं, नर गेला म्हटल्यावर तू म्हणशील, आता उरलेलेही कुणाला तरी देऊन टाका. आणि मासे गेले की तुझं पार्सल यायचं बंद. मासे हे निमित्त आहे, हे तुलाही कळतं आणि मलाही. रवीने तुला सोडलं, तू रवीला सोडलंस, वकिलांनी कागद केला. त्या कागदावर मी कुठे सही केली होती? मला तू हवी आहेस. नसती भीड कशाला, सरळ लिहून टाकलं.

दुपारी जेवण झालं की टाकीसमोर खुर्ची टाकून बसते. हिवाळ्यातलं ऊन गॅलरीतून आत येतं, पाण्यातून जाऊन भिंतीवर पडतं, आणि मग सगळ्या हॉलला बदामी रंग चढतो. कॅलेंडर, सोफा, बाबासाहेबांची तसबीर, माझे हात, सगळं त्या रंगाचं. भिंतीवर उजेड हलत राहतो. समोरच्या रस्त्यावरचे ऑटो लांब कुठेतरी गेल्यासारखे वाटतात आणि माझा डोळा लागतो.

परवा स्वप्न पडलं. घरात पाणी भरलेलं, असंच चहाच्या रंगाचं, पण बुडत कुणी नाही. ताटंवाट्या सावकाश फिरताहेत. रवीचे वडील वीजमंडळाची फाईल काखेत मारून माझ्या समोरून पोहत गेले. हयातभर त्यांना विहिरीत डोकवायची भीती, आणि आता कसे मजेत चालले होते. सदऱ्याच्या खिशातलं पेनसुद्धा पडलं नाही. तू स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होतीस, वेणी पाण्यात वर वर चाललेली. मी हाक मारली तर तोंडातून नुसते बुडबुडे. तू वळलीस आणि म्हणालीस, आई, गॅस बंद केला का? जागी झाले तर खरंच दूध उतू गेलं होतं. तासभर ओटा घासत होते.

मादी एकटीच आहे आता. एका कोपऱ्यात पानाखाली थांबते आणि काचेबाहेर बघते. तिला नदी आठवत असेल का, हे तुला विचारायचं आहे. शिकलेल्या लोकांना असे प्रश्न आवडत नाहीत, पण तू उत्तर देशील.

विठाबाई


१९ डिसेंबर

गीता,

दुसरा डबा आला, आणि आत चिठ्ठी. "टेंपरेचर सव्वीस ठेवा." एवढं पत्र लिहिलं मी, आणि उत्तर आलं ते थर्मामीटरचं. तरी चिठ्ठी फ्रिजवर लावली आहे. अक्षर बिघडलंय तुझं. जेवतेस ना नीट?

आज मी तुझी बोलणी खाणार आहे. छोटी टाकी कोपऱ्यातून गळायला लागली. सकाळी उठले तर फरशीवर थारोळं आणि आत चार बोटं पाणी. मी फार्मची जोडी उचलली आणि मोठ्या टाकीत सोडली, जंगलीच्या सोबत. या दोघींना एकत्र ठेवायचं नाही, हे तू मला शंभरदा बजावलं होतंस. पण थंडी पडली आहे, आणि बादलीत हीटर टाकायचा म्हणजे शॉकची भीती.

आणि मला ती एकटी बघवत नव्हती. आपल्यात एखादी बाई घरात एकटी पडली की शेजारच्या घरातून कुणीतरी सोबतीला झोपायला पाठवतात. रवीचे वडील गेले तेव्हा शेजारची शिल्पा पंधरा दिवस येत होती, आठवतं? घोरायची एवढी, पण बरं वाटायचं. मी सोबत पाठवली, इतकंच.

मुजीबभाईला सांगितलं तर त्याने कपाळाला हात लावला. "गजब कर दिए खालाम्मा. एक घर में नक्को डालना था. कल कू बच्चे हुए तो कौन बोलेगा किसके हैं? जंगली का भाव जबान पे चलता. जबान गई तो जंगली बी आठ सौ की."

"मासे तो वोच हैं ना," मी म्हटलं.

"मासे वोच हैं. भरोसा वो नै रैता."

मला ते पटलं नाही, पण विसरताही आलं नाही. माशाच्या अंगावर कुठे लिहिलेलं नसतं तो कुठला, आणि तरी एवढा फरक. मग एकाच्या मागे कुणाचा तरी शब्द उभा राहतो, माणसं विश्वास ठेवतात आणि पैसे मोजतात.

रवी बरा आहे. परवा त्याने विचारलं, आई, तुला पडद्याला कुठला रंग आवडेल? आपल्या घराला पडदे आहेत, धुतलेलेसुद्धा आहेत. मी म्हटलं, बदामी. तो म्हणाला, बदामी चालणार नाही. कुणाला चालणार नाही ते बोलला नाही, आणि मीही विचारलं नाही.

विठाबाई


६ जानेवारी

गीता,

हे पत्र दोनदा वाच. पहिल्यांदा भराभर, मग सावकाश.

नाताळच्या आठवड्यात दोघी मिळून एकदमच अंडी घालून बसल्या. जंगली टाकीत लपायला ठेवलेल्या नारळाच्या डाव्या करवंटीत, फार्मची उजव्या. जंगलीने त्या लाल नराला जवळ फिरकू दिलं नव्हतं, हुसकावून हुसकावून त्याची शेपटी फाडली. त्यामुळे तिची अंडी पांढरी पडली, बुरशी आली, एक दिवस करवंटी रिकामी. तरी ती तिथेच पहाऱ्याला. रंग असा चढलेला की भुरी कोण म्हणेल तिला. हळदीसारखी पिवळी, आणि अंगावर काळा पट्टा. मुजीबभाईच्या दुकानात पोछा म्हटलं होतं मी तिला, ते शब्द मागे घेतले.

फार्मवालीची मात्र फुटली. मोहरीला शेपूट फुटावं तशी पिल्लं, खाली पानांवर वळवळणारी. आणि तिला त्याचं काहीच नाही. खाणं टाकलं की काचेला येऊन नाचायची. दोन पिल्लं तर तिने माझ्या डोळ्यांदेखत गिळली. मी मुजीबभाईला फोन केला, रागच आला होता मला. तो म्हणाला, "उसपे गुस्सा नक्को करो. फारम में अंडे दिए की निकाल लेते, अलग रखते. उसकी माँ के निकाले, उसकी नानी के निकाले. बच्चे पालते कैसे, उने कां से देखती? जंगली का भाव उसीच का है खालाम्मा. उसकू याद है."

मग परवाची दुपार. ऊन भिंतीवर आलेलं, वीज गेलेली, त्यामुळे फिल्टरसुद्धा गप्प. मी अर्धवट झोपेत. जंगली तिच्या रिकाम्या करवंटीतून बाहेर आली. पानांवरून सरकत सरकत त्या पिल्लांच्या मधोमध जाऊन थांबली. अंगाला एक हिसका दिला. आणि ती सगळी पिल्लं, जी तोवर वाट चुकल्यासारखी पसरली होती, एकदम खाली बसली. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पुन्हा हिसका दिला, ती उठली आणि तिच्या पोटाखाली गोळा झाली. मग ती पुढे आणि पिल्लांचं ते धुरकं तिच्या मागे, सगळी टाकी ओलांडून डाव्या करवंटीत. खरी आई वर काचेजवळ खाण्याची वाट बघत होती, तिने मान वळवून पाहिलंही नाही.

वीज कधी आली कळलं नाही. मी रडत होते, आणि मला फार छान वाटत होतं. पाण्यातला तो पिवळा रंग बघता बघता मला कुठेतरी लांब नदीच्या काठी बसल्यासारखं झालं, दोन्ही बाजूंना झाडं, आणि कुणी काही विचारत नाही.

आणि तुझी आठवण आली. तू या घरात आलीस तेव्हा पहिल्याच महिन्यात तुला टायफॉइड झाला. तुझी आई जाऊन वर्ष झालेलं. तोवर मला आत्याबाई म्हणायचीस. तापात आई म्हणालीस, मग ताप उतरला तरी तेच राहिलं. मी त्यावर काही बोलले नव्हते, तेव्हाच बोलायला हवं होतं. आता बोलते, मला फार बरं वाटलं होतं ते.

पाणी सव्वीसवर आहे.

आई
(या वेळी खोडलं नाही.)


२४ जानेवारी

गीता,

पिल्लं नखाएवढी झाली आहेत. विसाच्या आसपास असतील, हलतात म्हणून मोजता येत नाहीत. सकाळी मी हॉलमध्ये आले की जंगली आधी पुढे येते, मला नीट बघून घेते, मग त्यांना बाहेर सोडते.

मुजीबभाईने एक गिऱ्हाईक आणलं. लक्ष्मणराव म्हणून, बंजारा हिल्सला राहतात, दिवाणखान्यात भिंतभर टाकी आहे म्हणे. भला माणूस, चपला बाहेर काढल्या, पाणी मागून घेतलं. टाकीपुढे बसला आणि त्या पिवळ्या मादीच्या मागे पिल्लांची रांग बघून लहान मुलासारखा हसला.

"अम्मा, ये तो वाइल्ड के बच्चे हैं. एक एक का छह सौ दूँगा. पूरे लेता हूँ."

मी म्हटलं, "इसने पाले. जने उसने," आणि लाल मादी दाखवली.

मुजीबभाईला खोकला लागला. लक्ष्मणरावाने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा टाकीकडे. "फिर तो फार्म के हुए अम्मा. सौ रुपये."

"पालनेवाली का कुछ नहीं?"

"बहुत अच्छी बात है अम्मा. पर भाव तो पैदाइश का रहता," तो म्हणाला. चेष्टेने नाही, मन लावून सांगत होता. मी म्हटलं विचार करून सांगते, आणि चहा दिला.

जिन्यात मुजीबभाई माझ्यावर उखडला. "चुप बैठते तो क्या जाता था? कौन देखा?"

"मैं देखी ना," मी म्हटलं.

विचार करून सांगते म्हटलं कारण मासे कुठेतरी द्यायचेच आहेत. आता ते सांगते जे नोव्हेंबरपासून सांगितलं नाही. रवी मार्चमध्ये लग्न करतो आहे. ऑफिसातली मुलगी, प्रियदर्शिनी नाव. वाईट नाही ती. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. गच्चीबावलीला चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आहे, सगळं पांढरं, तिथे टाकी चालणार नाही. हे मलकपेठचं घर भाड्याने द्यायचं ठरलंय. फेब्रुवारीअखेर सामान हलवायचं. मी कुठे राहणार हे कुणी विचारलं नाही, कारण मी अर्थातच तिकडे. पोराची आई पोराकडे.

तुला दुःख होईल म्हणून लपवलं असं मी स्वतःला सांगत होते. पण मला माझीच भीती होती. मासे गेले, रवीला दुसरी बायको आली, मग मी तुला काय म्हणून पत्र लिहिणार? केरळात कुणाला एवढं लिहिता, तुमची कोण ती, असं विचारलं कुणी, तर माझ्यापाशी उत्तर नाही.

काय करू ते तू सांग. या वेळी टेंपरेचर सांगून चालायचं नाही.

आई


११ फेब्रुवारी

गीता,

काल दुपारी फोन टिंग वाजला. बँकेचा मेसेज. बारा हजार रुपये जमा, पाठवणार गीता. खाली इंग्रजी अक्षरांत, "फॉर द फिश."

मला आधी कळेना, मग कळलं, आणि मग डोकं असं भणभणलं की मी पंखा लावला, मे महिन्यातसुद्धा न लावणारी मी. तू विकत घेतलेस माझ्याकडून मासे. तुझेच मासे. आणि जंगलीच्या भावाने घेतलेस, म्हणजे माझी पत्रं बोट ठेवून नीट वाचलीस, हिशोब केलास, आणि लक्ष्मणरावाच्या शंभरापेक्षा जास्त दिलेस. कुणाचं देणं नको, कुणाचं घेणं नको. मोकळी झालीस.

शिल्पाला बोलावलं आणि ते पैसे आल्या वाटेने परत पाठवले. तिने बटणं दाबली, मी शेजारी उभी. त्यात तुझा नवा नंबर दिसत होता. शिल्पा म्हणाली, मावशी, लावू का? मी नको म्हटलं. तू सांगितल्याशिवाय लावणार नाही.

ऐक आता. ती पिल्लं जंगली नाहीत. त्यांचा बाजारात भाव शंभर रुपये आहे, आणि तो लक्ष्मणरावाने बरोबर सांगितला, मी त्याला दोष देत नाही. पण ती मादी रात्रंदिवस त्यांच्यापुढे उभी आहे, त्याचा भाव मला लावता येत नाही, तुलाही नाही. मी आयुष्यात पुष्कळ बाळं पहिल्यांदा हातात घेतली, त्यांच्या आयांच्या आधी. माझी एकही नव्हती. एक रवी माझा, आणि एक तू. तुझी सही कुठल्याही कागदावर असो, माझा हिशोब दोघांवर थांबतो.

मासे हवे असतील तर फुकट ने. नको असतील तर नको म्हण, मी शंभराने देऊन टाकीन आणि चौदाव्या मजल्यावर जाऊन बसेन. पण पैसे पाठवू नकोस मला. पैसे पाठवलेस ना, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की तू खरंच गेलीस.

दुपारी टाकीपुढे बसले होते, पण आज स्वप्न पडलं नाही. नुसती जागी.

आई


२३ फेब्रुवारी

रवी,

तू बेंगळुरूहून उद्या येशील तेव्हा मी घरात नसेन. घाबरू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. हे मराठीत लिहिते आहे कारण इंग्रजीत मला खोटं बोलल्यासारखं वाटतं. वाचता आलं नाही तर शिल्पाकडून वाचून घे.

मी गीताकडे चालले आहे.

माझ्या रागाच्या पत्राला तिचं उत्तर आलं. अर्धं पान, मराठीत. ते तुला वाचायला दिलं नसतं, पण मी का जाते हे कळायला हवं म्हणून यातलं थोडं उतरवते. "आई, पैसे माशांचे नव्हते. घर सुटतंय म्हणून लिहिलंत, मला वाटलं तुमच्या हाताशी काही असावं. दुसरं काय लिहून पाठवू ते सुचलं नाही. मासे कुरिअरने पाठवू नका. तुमच्या हाताला सरावलेत, तुम्हीच घेऊन या. इथे दोन खोल्या आहेत, मागे ओढा आहे, पाणी चहासारखंच आहे. किती दिवस ते मी विचारणार नाही, तुम्हीही सांगू नका."

ते वाचलं त्या दुपारी मला पुन्हा झोप लागली. या वेळी पाण्यात मीच होते, आणि वर उजेड होता.

म्हणून निघाले. जंगली, फार्मची जोडी, सगळी पिल्लं. मुजीबभाईने पिशव्यांत ऑक्सिजन भरून दिला, थर्माकोलचा खोका बांधून दिला, पैसे विचारले तर म्हणाला, "खालाम्मा, आप आदमी खराब कर दिए मेरेकू," म्हणजे त्याला घ्यायचे नव्हते. गाडी दुपारची आहे. खोका मांडीवरच ठेवणार आहे, हमालाला देणार नाही. तुझ्यासाठी डाळ फ्रिजमध्ये आहे, भात तू लाव.

सामान हलवताना माझी ट्रंक तेवढी तुझ्याकडे ठेव. लग्नाला मी येणार आहे, नवीन साडी नेसून येणार आहे, आणि प्रियदर्शिनीच्या हातात माझ्या बांगड्या मीच भरणार आहे. तिला सांग, सासू रुसून गेली असं मनात आणू नकोस. तुझ्यावरही राग नाही. होता थोडा, तोंडावर बोलले नाही, आता उरला नाही. तुझं घर तुझं आहे, सुखाने राहा. चौदाव्या मजल्यावरची ती पांढरी खोली माझ्या नावाने ठेवली आहेस, ती पाहुण्यांना दे. मी आले की त्यातच उतरेन.

राहता राहिले लोक. शेजारी, नांदेडचे काका, तुझे सासरकडचे, सगळे विचारतील की लग्न तोंडावर आलं आणि आई गेली कुठे. तू गोंधळशील, काहीतरी बनवून सांगशील, म्हणून काय सांगायचं ते लिहून ठेवते. सरळ सांग, लेकीकडे गेली आहे.

आई